टवाळीचा अपराध

उपहासाने राज्ये पडत नाहीत, हा आक्षेप आपल्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडी नेहमी असतो. टीका करावी, पण ती गंभीरपणे करावी, असा उपदेशही त्यास जोडलेला असतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांताचा इतिहास पाहिला तर हा उपदेश किती पोकळ आहे ते कळेल.

तेथे जो ब्येल्की-पीटरसन हे भुईमुगाचे शेतकरी १९६८ पासून १९८७ पर्यंत मुख्यमंत्री होते. विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह १९२२ सालीच मोडीत निघालेले. आणि मतदारसंघांची आखणी अशी की, १९८६ मध्ये शेकडा ४० हूनही कमी मतांवर त्यांच्या पक्षाने ८९ पैकी ४९ जागा पटकावल्या. १९७७ मध्ये राजकीय मोर्च्यांचे दिवस संपले, असे त्यांनी जाहीर केले. वार्ताहरांना भेटण्यास ते ‘कोंबड्यांना दाणे टाकणे’ म्हणत. प्रश्न अडचणीचा आला की, ‘त्याची तुम्ही काळजी करू नका’ हे ठरलेले उत्तर!

त्याच १९७७ साली ब्रिस्बेन शहरात ‘केन टोड टाइम्स’ हे टवाळ पत्र निघाले. उसावरील भुंगेरे खावेत म्हणून १९३५ मध्ये हवाई बेटांतून सुमारे शंभर विषारी बेडूक मुद्दाम आणले गेले होते. त्यांनी भुंगेऱ्यांना फारसा उपद्रव दिला नाही, प्रांत मात्र व्यापला. त्या बेडकाचे नाव पत्रास दिले, यातच निम्मी टीका झाली, असे आम्हांस वाटते. पत्र मध्यंतरी बंद पडले, पुन्हा निघाले, १९९० पर्यंत टिकले. सभ्य दिवाणखान्यात ते शोभले नसते, हे आम्ही खुशाल मान्य करतो.

परंतु सभ्य दिवाणखान्यात काय चालले होते? एका दूरचित्रवाणी केंद्रावर मुख्यमंत्र्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. तो केंद्राचे नवे मालक अ‍ॅलन बाँड यांनी १९८६ मध्ये ४ लाख डॉलर मोजून मिटवला, आणि त्या प्रांतात धंदा करावयाचा तर हे करणे भागच होते, असे मागाहून सांगितलेही. सभ्यता ती हीच काय?

आता, मुख्यमंत्र्यांना टवाळीने खाली ओढले नाही, हे खरे. १९८७ मध्ये वार्ताहरांनी पोलिसांची लाचखोरी उघडकीस आणली, फिट्झजेराल्ड चौकशी बसली, आणि १९९१ मध्ये पोलीसप्रमुख तुरुंगात गेले. ते श्रेय ज्यांचे त्यांना द्यावे. पण त्या आधीच्या दहा वर्षांचे काय? वादास प्रतिवादी लागतो. ‘काळजी करू नका’ म्हणून पाठ फिरविणाऱ्याशी वाद घालावा तरी कसा? टवाळीस त्याच्या उत्तराची गरज नसते. गंभीर टीकेचा उपदेश करणाऱ्यांनी, ती टीका तेथे ऐकणार कोण होते, एवढे आधी सांगावे.