एकास अडीचशे

गर्भाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असते तेव्हा, म्हणजे अकरावा आठवडा पूर्ण झाल्यापासून चौदावा पूर्ण होईपर्यंत, त्याच्या मानेमागील त्वचेखाली साचलेल्या द्रवाचा पातळ थर सोनोग्राफीत मोजता येतो. तो जाड असल्यास डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषाचा संभव वाढतो, हे लंडनचे किप्रोस निकोलायडिस व त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली दाखवून दिले. आज ही मोजणी करणारा ‘एनटी स्कॅन’ व त्याच्या जोडीची ‘डबल मार्कर’ रक्ततपासणी ही नावे आपल्या अनेक कुटुंबांच्या परिचयाची झाली आहेत.

या दोहोंचा आणि मातेच्या वयाचा एकत्रित हिशेब केला असता, डाऊन सिंड्रोम असलेल्या १०० गर्भांपैकी सुमारे ९० हेरले जातात. परंतु ती स्थिती नसलेल्या १०० पैकी सुमारे ५ गर्भांवरही संशयाची नोंद होते. अहवालावर ‘एकास अडीचशे’ हा आकडा आणि त्यापुढे ‘हाय रिस्क’ ही अक्षरे उमटली, की घरावर अवकळा पसरते. वास्तविक त्याचा अर्थ इतकाच, की अशा २५० गर्भवतींपैकी २४९ जणींच्या बाळांना डाऊन सिंड्रोम नसणार. ही चाळणी आहे. निश्चित निदानासाठी वारेचा सूक्ष्म अंश किंवा गर्भजल तपासावे लागते, आणि मातेच्या रक्तातून होणारी गर्भाच्या डीएनएची चाचणी कितीही अचूक असली, तरी तीसुद्धा चाळणीच होय.

गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्याने गुणसूत्रदोषांच्या निदानास मुभा ठेवली, आणि त्याबरोबरच कलम ५ अन्वये असा दंडक घातला, की निदानप्रक्रियेचे ज्ञात दुष्परिणाम गर्भवतीस समजावून द्यावेत व तिला कळणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यावी. या दंडकामागील हेतू चाचणीच्या पहिल्या पायरीपासूनच पाळला जावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तपासणीपूर्वीच, सासू व पती यांना बाजूस ठेवून, तिच्याशी मराठीत शांतपणे बोलावे. हा आकडा काय सांगतो व काय सांगत नाही हे समजावून द्यावे, आणि तो तिला जाणून घ्यायचा आहे की नाही, हे विचारावे. निदान निश्चित झालेच, तर अशा मुलाच्या संगोपनात काय लागते, हृदयदोष असल्यास त्यावर कोणते उपचार होतात, ते मूल काय शिकू शकते, हेही तिच्यापुढे तितक्याच सत्यतेने मांडावे. पुढील निर्णय तिचा. तो कोणताही असो, भीतीने पाय लटपटत असताना तिला तो करावा लागू नये, एवढी जबाबदारी मात्र वैद्यकाची आणि आपणा सर्वांची आहे.