गणिताला हवी सोबत

‘रँग्लर’ हा शब्द मराठी घरांत पोहोचला तो १८९९ साली. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे त्या वर्षी केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत विभागून पहिले आले आणि सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय ठरले. पुढे त्यांची कन्या शकुंतला परांजपे याच केंब्रिजमध्ये, न्यूनहॅम महाविद्यालयात, गणितच शिकल्या. परंतु वडिलांना मानाने मिळालेली पूर्ण पदवी मुलीला देण्याची त्या विद्यापीठाची रीतच नव्हती. स्त्रियांना तेव्हा पदवीचे नाव कागदावर मिळे. पदवीधराचे हक्क मिळत नसत. त्यापूर्वी, १८९० मध्ये, फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीने सीनियर रँग्लरपेक्षाही अधिक गुण मिळवले होते. तिचा क्रमांक ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असा जाहीर झाला, पदवी मात्र तिलाही मिळाली नाही. ती केंब्रिजमधील स्त्रियांना १९४८ साली मिळू लागली.

आता असा कोणताही नियम उरलेला नाही. तरीही गणितात जितके वर चढावे तितकी वर्गातली काही मंडळी कमी होत जातात. ब्रिटनमध्ये पदवीच्या गणितवर्गात दहापैकी साधारण चार विद्यार्थिनी असतात. पीएच.डी.पर्यंत हे प्रमाण घसरते आणि प्राध्यापकांत तर त्या मोजक्याच दिसतात. फील्ड्स पदक १९३६ पासून दिले जाते. २०२२ पर्यंतच्या ६४ मानकऱ्यांत स्त्रिया दोनच : इराणच्या मरियम मिर्झाखानी आणि युक्रेनच्या मरिना व्याझोव्स्का. अमेरिकेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची गळती अशीच आहे. दार उघडे असूनही माणसे आत का टिकत नाहीत, हा म्हणूनच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे सोपे उत्तर प्रत्येकाकडे तयार असते. आवड कमी, घरी शिक्षणाचे वातावरण नाही, शाळेतला पाया कच्चा. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० च्या दशकात प्राध्यापकांनी हीच कारणे सांगितली होती. युरी ट्राइसमन हे तेव्हा तेथे संशोधक विद्यार्थी होते. कलनाच्या, म्हणजे कॅल्क्युलसच्या, अभ्यासक्रमात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने का मागे पडतात आणि चिनी वंशाचे विद्यार्थी का पुढे जातात, हे त्यांनी कयास न करता प्रत्यक्ष पाहायचे ठरवले. दोन्ही गटांतले विद्यार्थी अभ्यास कसा करतात याचे त्यांनी अनेक महिने निरीक्षण केले. तयार उत्तरांपैकी एकही टिकले नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनती होते, त्यांच्या घरच्यांना शिक्षणाची आस होती. फरक एवढाच, की ते एकटे अभ्यास करत. चिनी वंशाचे विद्यार्थी संध्याकाळी एकत्र बसत, एकमेकांची उत्तरे तपासत, कोणता प्रश्न सर्वांनाच अडला हे त्यांना कळे. एकट्याने बसणाऱ्याला अडलेला प्रश्न हा स्वत:चाच कमीपणा वाटतो. चौघांना अडला, की तो प्रश्नच अवघड असल्याचे समजते.

ट्राइसमन यांनी यावर काढलेला उपाय आजही लक्षात घेण्याजोगा आहे. त्यांनी ‘कच्च्यांचे वर्ग’ काढले नाहीत. नेहमीच्या वर्गापेक्षा कठीण उदाहरणे दिली आणि ती गटाने सोडवायला लावली. या कार्यशाळांत येणाऱ्यांचे निकाल स्पष्टपणे सुधारले. विविधतेसाठी प्रयत्न करायचे म्हणजे गुणवत्तेची पातळी खाली आणायची, असे मानणाऱ्यांसाठी हे पुरेसे उत्तर आहे. येथे पातळी वर गेली होती, आणि तरीही अधिक जण टिकले होते.

अशी सोबत अनेक विद्यापीठांत आज विद्यार्थीच उभी करत आहेत. एडिंबरा विद्यापीठातील पीएच.डी.च्या विद्यार्थिनींनी २०१९ मध्ये ‘पिस्कोपिया इनिशिएटिव्ह’ सुरू केले. एलेना कोर्नारो पिस्कोपिया यांना १६७८ मध्ये पादुआ विद्यापीठाने तत्त्वज्ञानातील डॉक्टरेट दिली. अशी पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. त्यांचे नाव घेतलेला हा उपक्रम स्त्रिया व नॉन-बायनरी विद्यार्थ्यांना गणितातील संशोधनाची वाट दाखवतो आणि एडिंबराबाहेर ब्रिटनमधील इतर विद्यापीठांतही पोहोचला आहे. पीएच.डी. म्हणजे नेमके काय, मार्गदर्शक कसा निवडावा, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा लिहावा, या गोष्टी ज्यांच्या घरात कोणी प्राध्यापक नाही त्यांना कोण सांगणार? त्या दोन-चार वर्षे पुढे गेलेली विद्यार्थिनी सांगते. अमेरिकेत १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘असोसिएशन फॉर विमेन इन मॅथेमॅटिक्स’च्या विद्यार्थी शाखा अनेक विद्यापीठांत हेच करतात. शिकागो विद्यापीठातून पसरलेल्या वाचन उपक्रमात संशोधक विद्यार्थी आणि पदवीचा विद्यार्थी अशी जोडी जमते. दोघे मिळून सत्रभर एक पुस्तक वाचतात आणि अखेरीस धाकटा फळ्यापाशी उभा राहून ते समजावून सांगतो.

या कामाला लागणारा पैसा थोडा असतो, पण तो वेळेवर लागतो. पाहुण्या वक्त्याचे रेल्वे भाडे, बैठकीनंतरचा चहा, दूरच्या गावाहून येणाऱ्याच्या मुक्कामाचा खर्च. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटी स्त्री-गणितींच्या मेळाव्यांना अनुदान देते आणि परिषदेला जाताना मुलांच्या देखभालीवर होणाऱ्या खर्चालाही हातभार लावते. वरवर किरकोळ वाटणारी ही मदत लहान मूल असलेल्या संशोधिकेसाठी परिषदेला जाणे आणि न जाणे यातला फरक ठरते. वित्त आणि संगणक क्षेत्रांतील कंपन्याही विद्यार्थी मंडळांना पैसे देतात. त्यांना हुशार उमेदवार हवे असतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र प्रायोजकाचा हेतू नोकरभरतीचा असेल तर पैसा नोकरीच्या दिशेने जातो. संशोधनात राहू पाहणाऱ्या, किंवा अजून चाचपडणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला त्यातले फारसे येत नाही. शिवाय मंदी आली की कंपन्या असे खर्च आधी कापतात.

याहून मोठी अडचण वेळेची आहे. ज्या विभागात विद्यार्थिनी कमी, तेथे विद्यार्थिनींसाठी काम करण्याची जबाबदारीही त्याच मूठभर जणींवर येते. कार्यक्रम आखणे, पत्रे लिहिणे, निधी मागणे, रात्री कोणाचे तरी रडणे ऐकून घेणे. तेवढ्या वेळात त्यांचा सहाध्यायी आपला शोधनिबंध पूर्ण करतो. पुढे नेमणुकीच्या वेळी निबंध मोजले जातात. धीर दिलेल्या मुली मोजल्या जात नाहीत. म्हणजे गळती थांबवण्याचे काम करणारीच गळण्याची शक्यता वाढते. आणि ती शिक्षण संपवून बाहेर पडली की उपक्रमही अनेकदा तिच्याबरोबर संपतो. विभागाने मात्र तोवर त्या उपक्रमाचे छायाचित्र माहितीपत्रकात छापलेले असते.

भारतात या बाबतीत एक चांगला धडा उपलब्ध आहे. मुंबई विद्यापीठातील गणितज्ञ एस. कुमारेसन यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च’ ही उन्हाळी शिबिरे सुरू झाली. देशभरातून निवडलेले विद्यार्थी चार आठवडे एकत्र राहतात, व्याख्यान उतरवून घेण्याऐवजी शिक्षकाच्या प्रश्नांना उत्तरे देत गणित स्वत: उभे करतात. या शिबिरांमागे राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचा सरकारी निधी राहिला आहे. मोठ्या शहरातल्या नामांकित संस्थेबाहेरच्या कित्येकांना बरोबरीने गणित बोलणारे कोणी पहिल्यांदा तेथेच भेटते. उपक्रम वर्षानुवर्षे टिकायचा तर स्थिर निधी आणि अनुभवी माणसांची बांधिलकी लागते. केवळ विद्यार्थ्यांच्या उत्साहावर तो चालत नाही.

पण चार आठवड्यांच्या सोबतीनंतर उरलेले वर्ष येतेच. मराठी माध्यमातून, तालुक्याच्या महाविद्यालयातून एम.एस्सी.ला आलेला मुलगा किंवा मुलगी इंग्रजी व्याख्यान ऐकत मागच्या बाकावर गप्प बसते, तेव्हा तिला पहिल्या सत्रातच कोणीतरी हवे असते. त्यासाठी नवी योजना काढण्याचीही गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रुजवलेली ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या ओळखीची आहे. ग्रंथालयात पुस्तके लावण्याचे तास त्यात मोजता येतात, तर धाकट्या विद्यार्थ्यांबरोबर आठवड्यातून दोन संध्याकाळी उदाहरणे सोडवण्याचे तासही मोजता येतील. संध्याकाळी वर्गखोली उघडी ठेवणे, एका प्राध्यापकावर ही जबाबदारी सोपवून त्याच्या कार्यभारात ती धरणे, आणि प्रायोजकाचा पैसा एका कार्यक्रमासाठी न घेता तीन-चार वर्षांच्या करारावर घेणे, एवढे कोणत्याही गणित विभागाला जमण्यासारखे आहे.

विद्यार्थ्यांनी आपणहून पुढे यावे आणि देणगीदारांनी हात सैल सोडावा, हे चांगलेच. परंतु त्यामुळे विद्यापीठाची सुटका होत नाही. फिलिपा फॉसेट यांना अडवणारा नियम विद्यापीठाचा होता, म्हणून तो विद्यापीठालाच बदलावा लागला. आज मागच्या बाकावरच्या मुलीला अडवणारा नियम कुठे लिहिलेला नाही. म्हणूनच तो बदलण्याची जबाबदारी कोणाची, हे विद्यापीठांनी स्पष्ट लिहून ठेवायला हवे.