आधी पाणी, मग रजा
अमेरिकेत आर्कान्सामधल्या बफेलो नदीवर कनू घालायची, तर रजा आधी टाकून उपयोग नाही. १९७२ साली राष्ट्रीय नदी ठरलेल्या या नदीवर धरण नाही. सगळा खेळ पावसाचा. पाँका गावाकडचा वरचा टप्पा वसंतात भरात असतो, उन्हाळ्यात तिथे कनू गोट्यांवरून ओढावी लागते. खालच्या अंगाला पाणी टिकतं. स्मॉलमाउथ बास हा मासा निवळ पाण्यात, खडकांच्या आडोशाला सापडतो. गढूळ लोंढ्यात गळ टाकणं ही निव्वळ हौस. मुक्काम नदीकाठच्या गोट्यांच्या पट्ट्यावर, पण रात्री वर पाऊस झाला की तोच पाण्याखाली. म्हणून तंबू उंचावर, कनू झाडाला. आपल्या कुंडलिका नदीला निदान धरणातून पाणी सुटण्याची वेळ असते. बफेलोवर निघण्याआधी पाण्याच्या पातळीचा आकडा बघा. भराभर चढत असेल, तर सरळ घरी थांबा.