पालीच्या अंड्यांना ओला कापूस नको

जूनमध्ये शाळा उघडली आणि दुसऱ्याच आठवड्यात आठवीच्या मुलांना ग्रंथालयात, नकाशांच्या जुन्या पेटीमागे, दोन पांढरी अंडी सापडली. वाटाण्याहून थोडी मोठी, खडूसारखी पांढरी. "बाई, गरोळीची अंडी!" असा एकच गलका झाला. आपल्या बडोद्याच्या मुलांच्या तोंडी पाल हा शब्द घरी आणि गरोळी हा शब्द बाहेर, तसा तो त्या दिवशी बाहेरचाच आला. मुलांना ती उबवायची होती. मी आनंदाने होकार दिला. प्लास्टिकचा डबा मुलांनी आणला, कापूस मी दिला. मटकीला मोड आणताना आपण जसे फडके ओले करतो तसा तो कापूस छान ओला केला, अंडी त्यात बसवली, झाकण घट्ट लावले आणि डबा प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवला.

तीन आठवड्यांनी कापसावर हिरवी-काळी बुरशी आली होती आणि अंड्यांवर तपकिरी डाग पडले होते. फोडून पाहिले. एकात काही कळण्यासारखे नव्हते. दुसऱ्यात बोटाच्या पेराहूनही लहान असा वाकडा जीव होता आणि त्याच्या डोळ्यांचे दोन काळे ठिपके स्पष्ट दिसत होते. म्हणजे अंडे चांगले होते, ते आम्ही मारले. डबा आणणारा मुलगा मधल्या सुट्टीत कोणाशी बोलला नाही. कापूस माझा होता, हे त्याला मी सांगितले. इथे सर्वांना सांगते आहे.

त्यानंतर पालक सभेत या विषयावर दोन मते ऐकू आली. एका पालकांचे म्हणणे, शाळेत पाली हव्यातच कशाला, सुट्टीत सगळीकडे औषध फवारून घ्या. दुसरे मत अगदी उलट आणि मोठ्या उत्साहाचे: विज्ञान मेळ्यासाठी उबवणी यंत्र घ्यावे, मुलांनी अंडी गोळा करून आणावीत, पुढच्या वेळी नीट प्रयोग करू. खर्चाची तयारीही काही विश्वस्तांनी दाखवली, त्याबद्दल आभार. पण माझे मत दोन्हींच्या विरुद्ध आहे.

आमची चूक नेमकी कुठे झाली ते आधी पाहू. मुलांनी मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली होती. तीत अंडी ओलसर भुशासारख्या पदार्थात ठेवली होती आणि पिल्ले छान बाहेर आली होती. चित्रफीत खोटी नव्हती, पण ती अंडी लेपर्ड गेको नावाच्या पालीची होती. ही ठिपक्यांची पाल मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताकडची. अमेरिका-युरोपात लोक ती हौसेने पाळतात. तिच्या अंड्याचे कवच चामड्यासारखे मऊ असते. ते भोवतालचा ओलावा शोषून घेते आणि अंडे हळूहळू फुगते. ओलावा मिळाला नाही तर ते चिपाड होते. म्हणून तिच्या अंड्यांसाठी व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट घेतात आणि बहुधा वजनाने निम्मे-निम्मे पाणी मिसळतात. उष्णतेवर तर पिल्लू नर होणार की मादी हेही ठरते: सुमारे २६ ते २८ अंशांना बहुतेक माद्या, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर आणि त्याच्या वर पुन्हा माद्या. मुलांना हे ऐकून फार गंमत वाटली, आणि ती वाटावीच.

आपल्या भिंतीवरची पाल वेगळी. बडोद्यात घराघरांत दिसणारी, पोटाकडे पिवळसर असलेली पाल म्हणजे हेमिडॅक्टिलस फ्लॅव्हिव्हिरिडिस. (तिचे तुटलेले शेपूट पुन्हा कसे येते यावर आपल्याच गावच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात पुष्कळ वर्षे संशोधन झाले आहे. ज्या पालीला आपण झाडू दाखवतो तिच्यावर लोकांनी पीएच.डी. मिळवली!) ती एका वेळी बहुधा दोनच अंडी घालते. घालताना कवच ओले आणि मऊ असते, हवा लागली की थोड्या वेळात चुन्यासारखे टणक होते. पिल्लाला लागेल तेवढे पाणी बहुतेक सगळे आतच असते. बाहेरून लागते ती ऊब आणि हवा, आणि हवा जाते कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून. ओल्या कापसाने ती छिद्रेच पाण्याने बुजतात. त्यावर झाकण घट्ट, म्हणजे बुरशीला आमंत्रणच.

यातून "सुरक्षित पदार्थ कोणता?" या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. आधी कवच ओळखायचे. मऊ असेल तर ओलसर, टणक असेल तर कोरडे. आणि टणक कवचाच्या अंड्यांसाठी सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे आईने निवडलेली फट.

तरीही कधी कधी हलवावेच लागते. कपाट विकायचे असते, रंगकाम निघते. अशा वेळी काय वापरावे याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथेच घरोघर चुका होतात. नदीची वाळू चाळून, धुऊन, तव्यावर चांगली तापवून पूर्ण थंड होऊ द्यावी. डब्यात बोटाच्या दोन पेरांएवढा थर पुरे. वाळू नसेल तर घडी घातलेला कोरडा, साधा पातळ कागदही चालतो. कापूस कोरडासुद्धा नको; त्याचे तंतू पिल्लाच्या बोटांत अडकतात. सुताराकडचा भुसा नको, त्यात प्लायवुडचा गोंद आणि वाळवीचे औषध काय काय असते ते सुतारालाही सांगता येत नाही. कुंडीतली माती नको: खत, मुंग्या, बुरशी, सगळे एकत्र. गच्चीवरच्या बागेसाठी रोपवाटिकेत व्हर्मिक्युलाइट मिळते, पण आपल्या पालीला त्याची गरज नाही. इतर कशासाठी वापरलेच तर मुलांनी कोरडे उधळू नये, त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या लिबी गावच्या खाणीतल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये ॲस्बेस्टॉस मिसळलेले होते आणि त्याने कितीतरी माणसे आजारी पडली, दगावली. ती खाण १९९० मध्ये बंद झाली. आज दुकानात मिळणारा माल त्या खाणीचा नाही, पण धूळ ती धूळच.

डांबराच्या गोळ्या असलेल्या कपाटात डबा ठेवू नये. मुंग्यांचा खडू तर डब्याभोवती मुळीच ओढू नये. ते कीटकनाशक आहे आणि लहान वर्गातली मुले त्याला फळ्याचा खडू समजतात. मुंग्यांवर उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता. जाळीच्या कपाटाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, आठवते? डबा तसाच पाणी घातलेल्या ताटलीत, पालथ्या वाटीवर ठेवावा.

एक गोष्ट पदार्थापेक्षाही महत्त्वाची. कोंबडी आपली अंडी फिरवत असते, म्हणून मुले पालीचीही फिरवतात. ते करू नये. आतला गर्भ लवकरच वरच्या बाजूला चिकटून वाढू लागतो. अंडे उलटे झाले की तो दबतो, गुदमरतो. उचलण्यापूर्वी वरच्या बाजूला शिसपेन्सिलीने हलकी खूण करावी आणि ती खूण वरच राहील असे ठेवावे. अंडी लाकडाला किंवा पुठ्ठ्याला चिकटलेली असतील तर खरवडू नयेत, तो तुकडाच उचलावा. झाकणाला चार-पाच भोके पाडावीत. डबा उन्हात नको. बंद डबा उन्हात किती तापतो हे मे महिन्यात बडोद्यात राहणाऱ्याला सांगायला नको. मग दीड-दोन महिने वाट पाहायची, उष्णतेप्रमाणे थोडे कमी-जास्त. पिल्लाच्या जबड्याच्या टोकाला कवच फोडण्यासाठी दोन चिमुकले दात असतात, ते काम झाले की पडून जातात. बाहेर आलेल्या पिल्लाला आईची गरज नसते. संध्याकाळी त्याच भिंतीवर सोडावे आणि साबणाने हात धुवावेत, कारण पालीच्या अंगावर साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात.

जंतूंचे सांगितले, म्हणून फवारणीवाल्या पालकांना वाटेल की मी त्यांच्याच बाजूला आले. तसे नाही. जगातली कोणतीच पाल विषारी नाही. दुधात पडली तर दूध टाकून द्यावे ते जंतूंसाठी, विषासाठी नव्हे. अंगावर पडल्याचे फळ पंचांगात पाहणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, माझ्या सासूबाईही पाहत असत. पण ट्यूबलाइटभोवतीचे किडे ती रात्रभर खाते आणि आपण फवारणार ते औषध बालवर्गाच्या सतरंजीवर बसणार, एवढा हिशेब त्यांनी करावा.

आता उबवणी यंत्राविषयी. यंत्र आले की अंडी लागणार, आणि अंडी लागणार म्हणजे मुले ती शोधत फिरणार. घरातून आणतील, मग सहलीत पावागडच्या दगडांखालून आणतील. तिथल्या रानपाली निराळ्या, त्यांची कवचे-सवयी आपल्याला ठाऊक नाहीत. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सरपटणाऱ्या वन्य प्राण्यांची अंडी खराब करणे, विस्कटणे हेही शिकारीच्या व्याख्येत घातले आहे. शाळेने मुलांना त्या वाटेला लावू नये. आणि यंत्रात दिसणार काय? दोन पांढरे गोळे, दोन महिने. ते तर भिंतीवरही दिसतात.

खरोखर दिसतात. आमचा डबा वाया गेला त्याच दिवसांत मोठ्या नोटीस बोर्डाच्या चौकटीमागे दुसरी दोन अंडी असल्याचे सहावीच्या मुलींना कळले होते. त्या शहाण्या, त्यांनी मला सांगितलेच नाही! वहीत तारखा मात्र लिहिल्या, रोज टॉर्च लावून लांबून पाहिले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तिथे दोन फुटकी टरफले होती. पिल्ले कोणालाच दिसली नाहीत. ती वही यंदाच्या विज्ञान मेळ्यात ठेवावी, असे मी सुचवते; यंत्राचे पैसे ग्रंथालयाला द्यावेत.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेला रंग देणार आहेत. नोटीस बोर्ड उतरवू नये आणि त्यामागची वीतभर भिंत तशीच ठेवावी, असा अर्ज मी मुख्याध्यापिकाबाईंकडे दिला आहे. त्यावर सहावीच्या एकोणतीस मुलींच्या सह्या आहेत, आणि तळाशी आठवीतल्या एका मुलाची.