प्रगतिपुस्तक कुणाच्या हातात?



मुकुंदवाडी काय, सिडको काय, तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी शिकवण्याची जाहिरात कुठे ना कुठे चिकटवलेली दिसतेच. चिकलठाण्याच्या नाहीतर शेंद्र्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर राबणारा बाप पोराची फी भरतो. तीन महिने संपतात, प्रमाणपत्र मिळते. आता त्या पोराला एकच प्रश्न विचारा: जूनमध्ये तुला जे येत नव्हते आणि सप्टेंबरमध्ये येते, असे काय आहे? त्याला सांगता येत नाही. क्लासवाल्यालाही सांगता येत नाही, आणि त्याचे काही अडतही नाही. फी आधीच घेतलेली असते.

माझा आक्षेप इंग्रजीवर नाही. सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'तच इंग्रजी शिकण्याची हाक दिली होती. आक्षेप आहे तो मोजपट्टीच्या मालकीवर.

शाळेतले प्रगतिपुस्तक आठवा. नाव प्रगतीचे, पण लिहिणार गुरुजी, सही किंवा अंगठा आईबापाचा. ज्याची प्रगती, त्याने त्यात एक ओळही लिहायची नाही. पुढे मुलाखत घेणारा दोन मिनिटांत 'कम्युनिकेशन कच्चे आहे' म्हणतो, आणि आपण मान खाली घालून घरी येतो. आपली भाषा 'अशुद्ध' ठरवणारे कायम दुसरेच. 'असर'चा सर्वे २००५ पासून घरोघरी जाऊन मुलाला अक्षर येते की शब्द, परिच्छेद येतो की गोष्ट, हे तपासतो. काम मोलाचे आहे. पण त्यातून अहवाल निघतो तो जिल्ह्याचा, राज्याचा. त्या मुलाने वर्षभराने स्वतःशी ताडून पाहावे असे त्याच्या हाती काय राहते?

मग मोबाइलवर ॲप येते. ड्युओलिंगोचा स्ट्रीक सलग किती दिवस हजेरी लावली ते मोजतो. हजेरी म्हणजे भाषा नव्हे. (तीनशे दिवस हिरवे घुबड जपणारा पोरगा बँकेत इंग्रजी फॉर्म समोर आला की शेजारच्या माणसाकडे पाहतो.)

हे एवढे ताणून का सांगतोय? कारण भाषा शिकताना सुरुवातीचे शब्द भराभर येतात. रोजच्या बोलण्यात तेच ते शब्द पुन्हा पुन्हा लागतात, म्हणून फरक लगेच जाणवतो. नंतरचे शब्द क्वचित भेटतात. शिकणे चालू असते, पण दिसत नाही. नेमक्या या टप्प्यावर पोरे सोडून देतात. इंग्रजी माध्यमातला, घरात इंग्रजी ऐकणारा मुलगा अडला तर म्हणतो, 'आज जमले नाही'. आपला मुलगा म्हणतो, 'आपल्याकडून नाही होत'. या दुसऱ्या वाक्यात जात बोलते. तिला नुसत्या भाषणाने उत्तर देता येत नाही, तारीख घातलेला पुरावा लागतो.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. त्याच माणसाने पुढे स्वतः पालीचा शब्दकोश रचायला घेतला. शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या १६ व्या खंडात तो आहे. कुणी उत्तीर्ण म्हणेल म्हणून ते थांबले नव्हते.

युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषेच्या पायऱ्यांची चौकट मांडली, आणि सोबत शिकणाऱ्याने स्वतः भरायची वही पुढे आणली. त्यात गुण नाहीत. 'मला हे जमते' अशी वाक्ये आहेत. ती वाक्ये आपण आपल्या जगण्यातून लिहू: कंपनीच्या गेटवरची सुरक्षेची सूचना वाचून दुसऱ्याला समजावता येते. रजेचा ईमेल न विचारता लिहिता येतो. घटनेचे कलम १७ इंग्रजीतून वाचून मराठीत सांगता येते. जमले त्या दिवशी समोर तारीख टाकायची.

दर महिन्याच्या १ तारखेला तोच एक उतारा मोबाइलवर मोठ्याने वाचून रेकॉर्ड करा, मग एक मिनिट न वाचता बोला. किती ठिकाणी अडखळलो ते मोजा आणि आलेखाच्या कागदावर ठिपका द्या. ठिपके वरखाली होतील. सहा महिन्यांनी पहिले रेकॉर्डिंग ऐका.

काही कार्यकर्ते म्हणतील, विहारातल्या अभ्यासिकेत सगळ्यांचे तक्ते लावू, चुरस वाढेल. माझा ठाम विरोध आहे. भिंतीवर नावे चढली की पहिला-शेवटचा ठरतो, आणि शेवटच्या नंबरचा अपमान आपल्या पोरांनी शाळेत पुरेसा भोगला आहे. वही ज्याची त्याच्याकडे राहील. दाखवायची की नाही, हे तोच ठरवेल. अभ्यासिकेने एवढेच करावे: आलेखाचे कागद ठेवावेत, रेकॉर्डिंगसाठी एक शांत कोपरा द्यावा, आणि १ तारखेला दार उशिरापर्यंत उघडे ठेवावे, कारण दुसऱ्या पाळीचा कामगार रात्री अकरानंतरच येणार.