एकवीस कागदांची भिंत

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या देवळात शिरला, की दर्शन आटोपून आवाराच्या भिंतीकडे वळतो. सरफोजीराजांनी 1803 साली तिथे भोसले घराण्याचा इतिहास देवनागरी अक्षरांत कोरून घेतला. घरापासून इतक्या दूर दगडावर मराठी वाचायला मिळाले, की कुणालाही भरून येते. त्या नादात मुख्य विमानाच्या पायथ्याशी कोरलेल्या, त्याहून आठशे वर्षे जुन्या तमिळ ओळींकडे फारसे लक्ष जात नाही.

या तमिळ ओळींचे एक छायाचित्र आहे. लिनिअस ट्राइप नावाच्या लष्करी कप्तानाने ते 1858 साली काढले. तो तेव्हा मद्रास सरकारचा छायाचित्रकार होता. तंजावरचे राज्य खालसा होऊन जेमतेम दोन-तीन वर्षे झाली होती. शिलालेख लांबच लांब, एका चित्रात मावणे शक्यच नव्हते. मग ट्राइपने पायथ्यासमोर कॅमेरा थोडाथोडा सरकवत तुकड्यातुकड्यांनी चित्रे घेतली. अशी एकवीस चित्रे शेजारीशेजारी जोडली, तेव्हा सुमारे एकोणीस फूट लांबीचा एकच पट्टा तयार झाला! तंजावर न पाहिलेल्या पंडितालाही तो घरबसल्या वाचता यावा, हा हेतू.

आज हे फोनवर चुटकीसरशी होते. तेव्हा मात्र काच नव्हे, मेण मुरवलेला मोठा कागद कॅमेऱ्यात घालावा लागे. त्यावर उजेडाच्या जागी काळोख आणि काळोखाच्या जागी उजेड असे उलटे चित्र उमटे. ते दुसऱ्या, औषध लावलेल्या कागदावर दाबून उन्हात ठेवायचे, चित्र पक्के करायचे, पुन:पुन्हा स्वच्छ पाण्यात धुवायचे, वाळवायचे. एवढ्या खटपटीनंतर हाती येई एक प्रत. दुसरी हवी असेल तर त्याच उलट्या चित्रावरून नव्या कागदावर पुन्हा तीच खटपट, आणि आभाळ आले की काम बंद! छायाचित्र मजकुरासोबत छापखान्याच्या यंत्रावर काढण्याची सोय वर्तमानपत्रांना 1880 नंतर हळूहळू मिळाली. तोवर पुस्तकातला मजकूर यंत्रावर छापायचा आणि चित्रे खळ लावून हाताने चिकटवायची, अशी दुहेरी मेहनत होती.

ही मेहनत एकट्या साहेबाची नव्हे. त्याच्या हाताखाली इथलीच शिकाऊ माणसे होती. त्यांतल्या अय्यास्वामी नावाच्या साहाय्यकाने पुढे मद्रासच्या कलाशाळेत छायाचित्रणाचे काम सांभाळले. बाकीच्यांची नावे चित्राखाली शोधूनही सापडत नाहीत.

छापखान्यातही हीच तऱ्हा. सरफोजीराजांनी तंजावरला देवनागरी छपाई सुरू केली आणि 1806 साली इसापच्या गोष्टी 'बालबोधमुक्तावली' या नावाने मराठीत निघाल्या. मुंबईत 'दर्पण' सुरू व्हायला अजून सव्वीस वर्षे होती. देवनागरीचे खिळे जुळवणे म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे यांच्या खिळ्यांना शेकडो खण, आणि प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखे उलटे. जुळाऱ्याने ते उलटे वाचायचे, तेव्हा वाचकाला सुलटे मिळायचे. फर्मा छापून झाला की तेच खिळे सोडवून पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. दिवसभराच्या कामाचा मागमूस राहत नसे. राहत असे ती बोटांना लागलेली शाई. राजाचे नाव सर्वांना ठाऊक आहे, जुळारी कोण होते हे कोण विचारतो?

याबाबतीत दगड मात्र उदार निघाला. विमानावरच्या लेखात राजराज चोळाने आपल्याबरोबर बहिणीने, राण्यांनी आणि इतरांनी दिलेली दानेही कोरायला सांगितली. आवाराच्या भिंतीवर तर देवळाच्या नोकरवर्गाची लांबलचक यादीच आहे. हजार वर्षांपूर्वीच्या चारशे नर्तकी तिथे नावानिशी आहेत. कोणती कुठल्या रांगेत, कितव्या घरात राहत होती, तेही लिहिले आहे. त्यांच्यामागून वादक, हिशेबनीस, शिंपी, न्हावी, परीट येतात, आणि प्रत्येकाला वर्षाला किती भात मिळायचे ते मोजून दिले आहे. कुणी वारले किंवा गाव सोडून गेले, तर त्याचे काम आणि त्याचे भात जवळच्या नातलगाकडे जाई. मात्र त्या नातलगाला ते काम आले पाहिजे, अशी अटही तिथेच कोरलेली आहे.