बाहेरची बाधा नव्हे, आजार आहे

पोरगं एकटंच बडबडतं, जेवणात विष कालवलं म्हणतं, शेतावर जायचं सोडलं. गावात असं दिसलं की पहिली धाव देवऋषाकडे, दवाखाना शेवटी. या उशिरानेच आजार बळावतो.

या आजाराचे नाव स्किझोफ्रेनिया. तो बहुधा ऐन तरुणपणी सुरू होतो. कुणी नसताना आवाज ऐकू येणे, बिनबुडाचा संशय, असंबद्ध बोलणे, माणसांतून अंग काढून घेणे ही मुख्य लक्षणे. ती निदान महिनाभर टिकली आहेत का, हे डॉक्टर पाहतात. रक्ततपासणीत हा आजार दिसत नाही. ती होते दुसरा आजार किंवा नशेचा परिणाम नाही ना, हे पाहण्यासाठी. म्हणून घरच्यांनी सांगितलेली हकिगत मोलाची. बदल कधीपासून, झोप किती, गांजा-दारू आहे का, हे काही न लपवता सांगावे.

२००१ साली तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा साखळीने जखडलेल्या मनोरुग्णांना पळताही आले नाही. २८ जण गेले. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. सरपंच, पोलीस पाटलांनी हे घरोघर सांगावे. टेलि-मानसचा १४४१६ हा फोन मोफत आहे. नवस मागाहून फेडता येईल. औषध आधी सुरू व्हावे.